टाचण्यांची मोजदाद

रबात, १२ एप्रिल १९८७

दूधबहीण तूदा हिस,

सलाम. आपल्या आईच्या कपाळाची माझ्या वतीने पापी घे.

दर महिन्याला चार ओळी खरडणारा बस्सू आज पानभर लिहितोय म्हणून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही, नोकरीही शाबूत आहे. काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.

आपल्या तिमारितला बायका नदीवर लोकर धुतात, तिथल्या टाचण्या आठवतात? चतुराच्या बारीक बहिणी. बसल्या की पंख मिटून पाठीवर उभे धरतात. नर निळाहिरवा, उन्हात असा चमकतो की बघत राहावं. आमच्या प्रयोगशाळेतले साहेब तीन वर्षं त्या शोधतायत. फेस शहराच्या खालच्या नद्यांमध्ये एक शिल्लक नाही. जिथे तेलाच्या घाण्यांचं आणि कातडी कमावणाऱ्यांचं पाणी शिरलं तिथून त्या गेल्या. मी म्हटलं, आमच्या गावात ढिगाने आहेत. साहेब हसले आणि म्हणाले, "मग आकडे आण."

तेवढंच कर. मे आणि जून, दर शुक्रवारी, ऊन डोक्यावर आलं की अंजिराच्या झाडापासून लाकडी पुलापर्यंत काठाने चालत जा. नर वेगळे मोज, माद्या वेगळ्या. मादी जरा तपकिरी असते. आकडे लिहून पाठव. मोजायला मीच शिकवलंय तुला, तेव्हा चुकलीस तर दोष माझा.

तुझ्या वहिनीने, नूझाने, आईसाठी गरम पायमोजे विणलेत. मंगळवारच्या बाजाराला येणाऱ्या लॉरीवाल्याकडे देतोय.

तुझा दूधभाऊ,
बस्सू

तिमारित, ३ मे १९८७

दूधभाऊ बस्सू यास,

सलाम. चौदा वर्षांत पहिल्यांदा पानभर पत्र आलं, आणि तेही माश्यांसाठी! मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "एवढा शिकला तो हे मोजायला? मेंढ्या काय वाईट होत्या?" मी म्हटलं, आई, मेंढ्या मोजायला पगार मिळत नाही. हसली. आजकाल तेवढं हसते तेच खूप आहे. डोळे गेलेत, पाय सुजतात, पण जीभ जागेवर आहे.

परवा मोजल्या. नर एक्केचाळीस, माद्या तेवीस. दोनदा मोजल्या, कारण मध्येच शेजारची हद्दा आली आणि म्हणाली, "काय गं, वेड लागलं का? काठाने बोटं मोडत फिरतेस!" मी म्हटलं, रबातचं सरकारी काम आहे. तेव्हापासून गावात मी सरकारी बाई झालेय.

अंजिराखाली थोडा वेळ बसले. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मेंदीच्या आदल्या दिवशी आपण तिथेच बसलो होतो. तू म्हणाला होतास, "उद्यापासून मी तुझ्या बापाच्या घरचा घरजावई. मला ताक प्यायला देशील की नुसती कामं सांगशील?" दुसऱ्या दिवशी मेंदीचं ताट पुढे आलं आणि आई सगळ्यांदेखत उभी राहिली. "हे लग्न होणार नाही. ही मुलगी माझं दूध प्यालीय. हिच्या आईला ताप भरला होता तेव्हा मी हिला पदराखाली घेतलं होतं." मशिदीतले फकीह म्हणाले, एक घोट पुरे, हे दोघं भाऊबहीण. माझी आई त्याच तापात गेलेली. तिला विचारणार कोण?

असो. मी उगाळायला बसलेले नाही. तू शहरात गेलास, शिकलास. मी तीन वर्षं नांदून मूल नाही म्हणून परत आले. वडील गेल्यावर आईला माझ्याच घरी आणलं. दुधाची लेक म्हटल्यावर एवढं तर करायलाच हवं. आणि एक बरं झालं. भाऊ आहेस म्हणून वर्षातून आठ दिवस येतोस, एका ताटात जेवतोस, माझ्या डोक्यावर हात ठेवतोस. कुणी बोट दाखवत नाही. नूझाला सांग, मोजे फार छान झालेत.

तूदा

रबात, २ जून १९८७

दूधबहीण तूदा हिस,

साहेबांनी तुझे आकडे बघितले आणि चष्मा काढून परत घातला. देशात एका काठावर इतक्या टाचण्या त्यांनी पाहिलेल्याच नाहीत. म्हणाले, "ही बाई कोण?" मी म्हटलं, माझी बहीण.

आता पुढचं काम. सोबत काळ्या शाईचं पेन पाठवतोय. पाण्याने पुसत नाही. संथ हाताने टाचणीचे चारही पंख मिटलेले धरायचे आणि त्यावर बारीक आकडा लिहून सोडून द्यायची. मग कोणती किती दिवस दिसते ते टिपायचं. वर्षभर ती किडा होऊन पाण्याखाली राहते, आणि पंख फुटले की जेमतेम पंधरा दिवस. पुस्तकात या जातीचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? परागंदा. देशोधडीला लागलेली.

तू अंजिराचं लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. नूझा म्हणाली, काय एवढं वाचताय? मी म्हटलं, आकडे. तूदा, मीही विसरलेलो नाही. पण आता राग नाही उरला. आईच्या एका घोटाने एक नातं गेलं, पण दुसरं दिलं. ते दूध नसतं आणि लग्न दुसऱ्याच कारणाने मोडलं असतं, तर आज मी तुझा कोण असतो? गावातला एक परका पुरुष. तुझ्या दाराशी उभं राहायचीही चोरी. निदान हे तरी आपल्या हातचं कुणी काढून घेऊ शकत नाही.

तुझा दूधभाऊ,
बस्सू

तिमारित, २६ जून १९८७

दूधभाऊ बस्सू यास,

परागंदा म्हणे! त्या कुठे गेल्यात? इथल्या इथेच तर आहेत. गाव सोडून गेले ते दुसरेच. तुझ्या साहेबांना सांग, नाव बदला.

एकवीस टाचण्यांवर आकडे घातले. पहिल्या तीन माझ्या हाताने मेल्या, खोटं कशाला सांगू? रडूच आलं. मग हात बसला. सात नंबरचा नर भारी हट्टी आहे. पाण्यात ते लांब पानांचं गवत वाढतं ना, त्याचा एक झुबका त्याने धरलाय. दुसरा नर आला की धावून जातो, आणि मादी आली की तिच्यासमोर असा थरथरतो की हद्दाही म्हणाली, "माझ्या नवऱ्याने कधी एवढं केलं नाही." मादी शेपूट पाण्यात बुडवून अंडी घालते आणि हा वर राखण करतो. अकरा दिवस त्याच झुबक्यावर होता. बाराव्या दिवशी दिसला नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबले, उगाच.

एक भानगड झाली. नव्या सुना लोकर धुवायला फेसाळ मुळांऐवजी धुण्याची निळी पावडर आणायला लागल्यात. पुलापर्यंत फेस. गेल्या शुक्रवारी नर सत्तावीसच भरले. मी सांगून पाहिलं, कुणी ऐकेना. शेवटी म्हटलं, या जागी जी पावडर टाकेल तिचा नवरा वर्षाच्या आत दुसरी बायको आणेल, माझ्या आजीने पाहिलंय. आता सगळ्या पुलाच्या खालच्या अंगाला जाऊन धुतात. आजीला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

आईचं काही खरं नाही. जेवण कमी झालंय. मधूनच माझा हात धरून ठेवते. काल म्हणाली, "तूदा, तू माझ्यासाठी एवढं का करतेस?" मी म्हटलं, तुझं दूध प्यालेय, फेडायला नको? तर तोंड भिंतीकडे फिरवलं. ईदेची वाट बघू नकोस. आधीच ये.

तूदा

रबात, ९ जुलै १९८७

दूधबहीण तूदा हिस,

जुलैअखेर साहेबांना अहवाल द्यायचाय, त्यात तुझे सगळे आकडे आहेत. ते झालं की निघतोच. ईदेच्या दोन दिवस आधी पोचेन, नूझाला आणि लेक बुशरालाही आणतो. आईला सांग, तुझ्यासाठी रबातचा खजूर आणतोय, दात नसले तरी चघळता येईल. तोवर तू आहेस ना, मला काळजी नाही.

बस्सू

रबात, २० ऑगस्ट १९८७

दूधबहीण तूदा हिस,

आईची माती होऊन तीन आठवडे झाले. निरोप पोचला तसा निघालो, तरी कबर बुजवल्यावरच पोचलो, ही खंत मला जन्मभर राहील. पण मी दुसरंच लिहायला बसलोय.

मी दारात आलो. मला वाटलं, तू धावत येशील, आपण गळ्यात पडून रडू. तू दोन पावलं मागे सरकलीस. ओढणी ओढून तोंड झाकलंस. परक्या पाहुण्याशी करतात तशी माझ्या बोटांना बोटं टेकवलीस आणि आपलीच बोटं ओठांना लावलीस. चहा हद्दाच्या हाती पाठवलास. तिन्ही दिवस माझ्या ताटात जेवली नाहीस. नूझाशी बोललीस, बुशराचे केस विंचरलेस आणि मी खोलीत आलो की उठून गेलीस. हद्दाची सासू कुजबुजत होती, "ही कसली बहीण?" ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

उशीर केला म्हणून राग आहे ना? तो तुझा हक्क आहे. मला शिव्या दे, काठीने मार. पण असं करू नकोस. आई गेली, आता गावात माझं म्हणावं असं एक तूच आहेस. शेवटी ती काही बोलली का? माझ्याबद्दल काही?

तुझा दूधभाऊ,
बस्सू

तिमारित, १० सप्टेंबर १९८७

बस्सू यास,

सलाम. तुझी आई शांतपणे गेली. तुझं नाव घेत गेली. सगळ्यांची माफी मागितली, मरणाऱ्याने मागायची तशी. राग वगैरे काही नाही. माणूस गेलेल्या घरात भान कुठे असतं? तू मनाला लावून घेऊ नकोस.

टाचण्या संपल्या. शेवटची मादी ऑगस्टच्या अखेरीला दिसली, नंतर नाही. पाणी स्वच्छ आहे.

पुढच्या वर्षी तुला यायला जमलं नाही तरी चालेल. कबरीवर पाणी घालायला मी आहे. आकडे पाठवत जाईन.

तूदा

रबात, ४ ऑक्टोबर १९८७

दूधबहीण तूदा हिस,

तुझं पत्र नूझाला दाखवलं. ती म्हणाली, एकटेपणाने असं होतं, त्यांना इथे आणा. मागची खोली तिने रिकामी केलीय. मोठी खिडकी आहे, तुझा विणायचा माग लावता येईल. बुशरा विचारते, "आत्या कधी येणार?" भावाच्या घरी बहीण राहिली तर कोण काय बोलणार? उलट एकटी ठेवली म्हणून मलाच लोक बोलतील.

नाही म्हणू नकोस. आयुष्यभर तू दुसऱ्यांचंच केलंस. बापाचं, नवऱ्याचं, आपल्या आईचं. आता आम्हाला तुझं करू दे. रोज सकाळी तुझ्या हातची भाकरी, आणि तू समोर बसलेली. मला आणखी काही नको. येत्या महिन्यात सुट्टी काढून तुला न्यायला येतो.

एक विचारू? सगळ्या पत्रांत तू 'आई' लिहायचीस. या वेळी 'तुझी आई' लिहिलंस. का?

तुझा दूधभाऊ,
बस्सू

तिमारित, २५ ऑक्टोबर १९८७

बस्सू यास,

न्यायला येऊ नकोस. आधी हे वाच, आणि एकटा असताना वाच.

तुझं पत्र आल्यावर मी मागाची फणी आणि दोन पांघरुणं बांधून ठेवली होती. खरं सांगते. चार दिवस ते गाठोडं दाराशी होतं. मी म्हणायचे, कुणाला कळणार आहे? जिला ठाऊक होतं ती मातीत गेली. मी एकटीने गिळलं की झालं. रोज सकाळी तो समोर बसेल, भाकरी मागेल. चार दिवस मी असं स्वतःला समजावलं. पाचव्या दिवशी गाठोडं सोडलं.

तुझी आई गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिचे पाय चोळत होते. ती म्हणाली, "सोड. तुझे हात लागले की भाजतं मला." मी म्हटलं, का गं आई? तर म्हणाली, "मी तुझी आई नाही. मी तुला थेंबभर दूध पाजलं नाही. तू बकरीच्या दुधावर वाढलीस."

मला वाटलं, वाताच्या भरात बोलतेय. पण शुद्धीवर होती. सगळं सांगितलं. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा, तो दुसऱ्याच्या घरी घरजावई होऊन जन्मभर परक्याच्या मेंढ्या राखणार, हे तिला सोसवेना. शिक्षकांनी सांगितलं होतं, हा शहरात गेला तर मोठा होईल. तू तिचं ऐकणार नव्हतास आणि माझे वडील अट सोडणार नव्हते. मग ती मेंदीच्या दिवशी उठली आणि एक वाक्य बोलली. म्हणाली, "तोंडातून गेलं आणि मला कळलं, हे आता परत घेता येणार नाही. घेतलं असतं तर मुलाने तोंड बघितलं नसतं." इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली तिने. प्रत्येक घासाला आठवायचं म्हणे.

माफी मागितली. मी "केली" म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण मनातून तेव्हा केली नव्हती. पाय मात्र चोळत राहिले.

म्हणून मी दारातून मागे सरकले. तू हात पसरून आलास, बहिणीकडे यावं तसा. तू निर्धास्त होतास. मी कशी असणार? तू माझा कुणी नाहीस, बस्सू. तुझ्यासमोर मला ओढणी घ्यायला हवी, हे तुला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. तू जूनमध्ये लिहिलं होतंस ना, एवढं तरी कुणी काढून घेऊ शकत नाही? तेही गेलं बघ.

आता एक गोष्ट मनात आणशील, ती मी आधीच सांगते, करू नकोस. शरियत मोकळीक देते, मला माहीत आहे. पण नूझाने माझ्यासाठी खोली रिकामी केलीय, माग ठेवायला. त्या बाईच्या उरावर मी सवत म्हणून यायचं? आणि बुशरा मला आत्या म्हणते. तिला काय सांगायचं?

मला वीस वर्षांचा तू हवा होतास. अंजिराखालचा. तो आता तुलाही आणता यायचा नाही. हे मी कधी कुणाला म्हटलं नाही, आज म्हणते आणि संपवते. मला तू फार हवा होतास.

तुझ्या आईला दूषणं देऊ नकोस. तिची शेवटची वर्षं मी पाहिलीत. गावात मी कुणाला सांगितलेलं नाही, तिच्या कबरीवर लोक थुंकायला नकोत. म्हणूनच तू येऊ नकोस. तू आलास की गावासाठी मला बहीण व्हावं लागेल, आणि ते मला आता जमणार नाही.

तूदा

रबात, १७ एप्रिल १९८८

तूदा,

सहा महिने लागले, कारण पत्राची सुरुवातच करता येईना. 'दूधबहीण' लिहायला हात धजेना. दुसरं जे लिहावंसं वाटलं, ते लिहायचा मला हक्क नाही. म्हणून नुसतं नाव.

तू जे करू नकोस म्हणालीस, ते माझ्या मनात आलं होतं. लपवत नाही. बसची तिकिटंही काढली होती. आदल्या दिवशी नूझा तुझ्या खोलीची खिडकी पुसत होती. मला म्हणाली, "त्यांना इथलं पाणी मानवेल ना?" मी तिकिटं खिशातच ठेवली. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुला गाव सोडवत नाही, एवढंच सांगितलं.

आईवर मी चिडलो, ओरडलो, रिकाम्या खोलीत. मग बुशराला ताप आला आणि मी तिच्या उशाशी बसलो असताना वाटलं, हिच्यासाठी मीही खोटं बोललो असतो. तेव्हापासून चिडताही येत नाही.

मला शहर मिळालं, शिक्षण मिळालं. तिने जे ठरवलं होतं ते सगळं झालं. फक्त रोज संध्याकाळी घरी येताना वाटतं, आपण चुकीच्या दिशेच्या बसमध्ये बसलोय, आणि आता उतरून उपयोग नाही.

साहेब यंदाचे आकडे मागतायत. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. पण तिथल्या टाचण्या तुझ्याइतक्या कुणाला ओळखीच्या नाहीत. तुझी मर्जी.

बस्सू

तिमारित, ८ मे १९८८

माननीय बस्सू यांस,
प्रयोगशाळा, रबात

सलाम. आपलं पत्र मिळालं. आपण, आपली पत्नी आणि मुलगी खुशाल असाल अशी आशा आहे.

शुक्रवार, सहा मे. आकाश निरभ्र, वारा कमी. अंजिराच्या झाडापासून लाकडी पुलापर्यंत नर अडतीस, माद्या एकवीस. पावडरीचा फेस नाही. बायका अजूनही पुलाखाली धुतात. पेनमध्ये शाई शिल्लक आहे, नवीन पाठवू नये.

पुढचे आकडे दर महिन्याला लॉरीने पाठवीन. उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये. परक्या पुरुषाची पत्रं घरी आलेली बरी दिसत नाहीत.

गेल्या वर्षी सात नंबरने धरलेल्या झुबक्यावर यंदा नवा नर बसलाय. त्याच्यावर मी आकडा घातलेला नाही. किती दिवस राहिला ते मला मोजायचं नाही रे.

कळावे,
तूदा